दुसरी नोकरी कुठं मिळेल? पुणे सोडून छत्रपती संभाजीनगरला गेलेल्या एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या नवराबायकोची नावं लिहीत नाही. त्याला भाऊ म्हणतो, तिला वहिनी. समोर असले तरी मी त्यांना अशीच हाक मारतो. ज्या कारखान्यांशी आणि ऑफिसांशी त्यांचा थेट संबंध आला त्यांचीही नावं गाळली आहेत. मी भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत अठरा वर्षं पर्सोनेलचं काम केलं. माणसं घेतली आणि वेळ आली तेव्हा कमीही केली. २०१३ साली भाऊच्या पहिल्या नोकरीची मुलाखत मीच घेतली होती. तेव्हापासून नोकरी बदलायची म्हटलं की त्याचा फोन येतो.

भाऊ मूळचा पैठण तालुक्यातला. आयटीआयला मशिनिस्ट ट्रेड केला, नंतर नोकरी करता करता डिप्लोमा. व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर सेटिंग आणि प्रोग्रामिंग दोन्ही येतं, आणि अशी माणसं कमी असतात. ऑक्टोबर २०२० पासून तो चाकणच्या एका मध्यम कारखान्यात कायम होता. ओव्हरटाइम सोडून हातात ३८,००० यायचे. वहिनी बी.कॉम. झालेल्या, टॅली आणि जीएसटीत पक्क्या, भोसरीतल्या एका करसल्लागाराकडे २४,००० वर. मुलगी तिसरीत. मोशीत टू बीएचके, भाडं १४,५००. गावी आईवडील, आईला शुगर, वडिलांचे गुडघे गेलेले. महिन्यातून एकदा तरी अडीचशेच्या आसपास किलोमीटरची खेप व्हायचीच.

३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करार केला. संभाजीनगरजवळ बिडकीनला सुमारे २०,००० कोटींची गुंतवणूक होणार, अशी घोषणा झाली. त्याआधी जूनमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या एथर एनर्जीने बिडकीनची निवड केल्याची बातमी आली होती. वडिलांनी पेपरातलं कात्रण घडी घालून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं आणि दिवाळीला भाऊच्या हातात दिलं. "कंपनी आपल्या दारात येतीय. तू तिकडं भाडं भरत कशाला बसलास?"

नोव्हेंबरमध्ये संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातून त्याला ३६,००० ची ऑफर आली, आणि उत्तर द्यायला तीन आठवडे मिळाले.

अडचण नेमकी काय होती

भाऊने फोनवर विचारलं, "सर, संभाजीनगरला स्कोप आहे का?"

हा प्रश्न मला नाशिकबद्दल विचारला गेलाय, हैदराबादबद्दल, अगदी गुजरातमधल्या साणंदबद्दलही. त्याला उत्तर नसतं. एका शहरात एकच बाजार नसतो. व्हीएमसी सेटरचा बाजार वेगळा, अकाउंटंटचा वेगळा, नर्सचा वेगळा. एकाच शहरात एकाला पायघड्या आणि दुसऱ्याला वर्षभर चकरा असं होतं.

मी त्याला उलटा प्रश्न विचारला. ही वाळूजची नोकरी दोन वर्षांनी गेली, तर घर न बदलता दुसरी कुठं मिळेल? किती ठिकाणी? किती दिवसांत? पहिल्या नोकरीची माहिती ऑफर लेटरमध्ये असते. दुसरीची माहिती शहर देतं, आणि बिऱ्हाड हलवायचं तर ती दुसरी नोकरी जास्त महत्त्वाची.

हे मी तळेगावात शिकलो. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणं थांबवलं आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचं उत्पादन बंद झालं. पुढं तो कारखाना ह्युंदाईने घेतला, पण मध्ये वर्षं गेली. माझ्या ओळखीचे जे लोक त्या काळात सावरले, त्यांना चाकण, भोसरी, रांजणगाव इथं दुसरी दारं होती. कारखाना तोच आणि कौशल्यही तेच असतं, पण हीच माणसं एकाच कारखान्याच्या गावात असती तर त्यांचं काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

दुसरी अडचण त्या कात्रणाची. सामंजस्य करार झाला की घरोघरी नोकरी लागल्यासारखं वाटतं. पण करारानंतर जागेचं वाटप, पर्यावरण मंजुरी, बांधकाम, यंत्रं, चाचणी, आणि मग भरती. कुठलीही पायरी लांबू शकते, काही वेळा सगळंच दुसरीकडे जातं. वेदांत-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तळेगावला येणार म्हणून काय चर्चा होती! सप्टेंबर २०२२ मध्ये तो गुजरातला गेला आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. बिडकीनचं तसं होईल असं मी म्हणत नाही. तिथं जमीन, रस्ते, पाणी, वीज हे सगळं आधी करून ठेवलंय, ही मोठी जमेची बाजू आहे. पण तिसरीतल्या मुलीची शाळा बदलायची ती २०२५ मध्ये, आणि त्या कारखान्याच्या फाटकातून पहिली पाळी कधी आत जाईल ते तेव्हा कुणीच सांगू शकत नव्हतं.

समोर कुठले पर्याय होते

वाळूजची ऑफर घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून जायचं, हा वडिलांचा पर्याय. पुण्यातच राहायचं आणि बिडकीनला खरोखर भरती निघाली की बघायचं, हा माझा. भाऊने आधी एकट्याने जायचं आणि शाळेचं वर्ष संपल्यावर बाकीच्यांनी, हा वहिनींचा.

चौथा पर्याय गावातल्या एका ओळखीच्या माणसाने आणला. बिडकीनजवळ गुंठेवारीत प्लॉट घ्या, पाच वर्षांत चौपट होईल. वहिनींनी त्याच दिवशी नाही म्हणून सांगितलं. कागदावर सातबारा सामाईक होता आणि जवळचे चार लाख एवढेच त्यांचे साठलेले पैसे होते. या पर्यायावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

शोध कसा घेतला

आधी सरकारी आकडे पाहिले. त्यातून फार हाती लागलं नाही. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण देशाचं आणि राज्याचं चित्र चांगलं देतं, पण वाळूजमध्ये व्हीएमसी सेटरला मागणी किती, हे त्यातून समजत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या नव्या खात्यांचे आकडेही राज्यापर्यंतच येतात. जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन चाळलं. जिल्हा समजून घ्यायला ते बरं आहे, निर्णयाला पुरत नाही.

एक सरकारी कागद मात्र कामाला आला, आणि तो फार कमी लोक बघतात. कारखाना उभारायच्या आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची संमती लागते, आणि चालू करायच्या आधी चालवण्याची वेगळी संमती. मंडळाच्या संकेतस्थळावर या संमत्या बघायला मिळतात. ज्याने चालवण्याची संमती घेतलीय तो येत्या काही महिन्यांत माणसं घेणार. ज्याच्याकडे उभारणीचीही नाही, त्याची बातमी कितीही मोठी असली तरी तो यावर्षी पगार देणार नाही. भाऊने दोन रविवार बसून औरिकमधली, म्हणजे शेंद्रा-बिडकीनच्या नव्या औद्योगिक शहरातली, नावं एकेक तपासली आणि तीन रकाने केले. तिसरा रकाना, म्हणजे फक्त घोषणा झालेल्यांचा, सगळ्यात लांब होता.

डिसेंबरमध्ये नऊ दिवसांची रजा टाकून दोघं तिकडं गेले. मुलीला आजीकडे ठेवलं आणि बजाजनगरला एका नातेवाइकाकडे उतरले. शेवटचे चार दिवस मीही गेलो.

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून आहे आणि त्याच्या भोवतीच ही वसाहत वाढली. सुट्या भागांची शेकडो युनिटं, एका माणसाच्या लेथपासून ते देशभर माल पाठवणाऱ्या कंपन्यांपर्यंत. एण्ड्युरन्स आणि व्हॅरॉक याच मातीत मोठ्या झाल्या. भाऊने वही घेतली आणि व्हीएमसी सेटर घेणारी ठिकाणं एका पानावर लिहायला लागला. गेटवरच्या "पाहिजेत" पाट्या, जुने आयटीआयचे मित्र, दुपारी पाळी सुटताना चहाच्या टपरीवर भेटलेले सेटर. चार दिवसांत वाळूजच्या पानावर चौदा दारं झाली. तो खूश होता.

मी फोनवर म्हटलं, आता प्रत्येकाला एकच विचार: तुमचा माल शेवटी कुणाकडे जातो?

चौदापैकी नऊ ठिकाणी उत्तर एकच आलं. कुणी थेट देत होता, कुणी दोन हात फिरून, पण शेवटचं गिऱ्हाईक एकच. म्हणजे ती नऊ दारं दिसायला नऊ, उघडझाप मात्र एकाच कडीवर. त्या गिऱ्हाइकाची दुचाकी परदेशात कमी खपली की नऊच्या नऊ ठिकाणी एकदम काम कमी. हे नुसतं बोलायचं नाही. जून २०२३ मध्ये नायजेरियाचं चलन, नायरा, कोसळलं आणि तिथं होणारी मोटरसायकलींची निर्यात घटली. टपरीवरच्या सेटरांना नायराचा भाव माहीत नव्हता, पण "त्या वर्षी ओव्हरटाइम बंद झाला होता" हे प्रत्येकाच्या लक्षात होतं. वाळूजची खरी दारं धरली तर सहा: ही नऊ मिळून एक, आणि उरलेली पाच.

सगळ्यात चांगली माहिती कुणी दिली असेल तर टूलिंगच्या एका दुकानदाराने. चिकलठाण्याच्या रस्त्यावर छोटं दुकान, काउंटरवर कार्बाइड इन्सर्टच्या प्लास्टिकच्या डब्या, मागे ड्रिल आणि एंडमिलचे खण. इन्सर्ट म्हणजे मशीनमध्ये धातू कापणारं छोटं पातं, ही झिजणारी वस्तू आहे. मशीन चालू असेल तर दर आठवड्याला लागते, बंद असेल तर लागत नाही. त्यामुळे कुठलं युनिट तीन पाळ्यांत चालतंय आणि कुणाची मशीनं नुसती पुसून ठेवलीत, हे याच्या बिलबुकात असतं. त्याने नावं सांगितली नाहीत आणि आम्ही विचारलीही नाहीत. पण एवढं बोलला: "वाहनवाल्यांची उधारी आता नव्वद दिवसांवर गेलीय. साच्याचं काम करणारे आहेत ना, औषधाच्या बाटल्यांची झाकणं, वॉशिंग मशीनचे पार्ट, ते पंचेचाळीस दिवसांत देतात. त्यांच्याकडे पोरं टिकत नाहीत, शिकली की पुण्याला पळतात."

त्या एका वाक्याने शोधाची दिशा बदलली. टूलरूमचं काम वेगळं असतं. साचे आणि डाय बनवणारा कारखाना वाहन, औषध, पॅकिंग, घरगुती वस्तू अशा सगळ्यांना माल देतो. संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथून शिकून निघालेल्या लोकांनी उभी केलेली छोटी-मध्यम टूलरूमं चिकलठाणा आणि वाळूजमध्ये आहेत. भाऊने वहीचं नवं पान उघडलं. तीन दिवसांत अकरा दारं, आणि "माल कुणाकडे जातो" विचारल्यावरही त्यातली सात एकमेकांपासून वेगळी उरली. चौघांनी तर विचारलं, कधी येता?

एका दुपारी पैठण रस्त्याने बिडकीनला गेलो. औरिकचं शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १०,००० एकरांचं नियोजन आहे, त्यातला मोठा भाग बिडकीनला. रुंद रस्ते, ओळीने दिवे, कडेला झाकणं बंद केलेल्या गटारी, आणि दोन्ही बाजूंना गवत. एका कुंपणाच्या आत पोकलेन चालू होतं. भाऊ गाडीतून उतरून बराच वेळ बघत उभा राहिला. "होणार सर हे," म्हणाला. मलाही तसंच वाटलं. पण गाडीत परत बसताना त्याने स्वतःहूनच सांगितलं, की हे धरून हिशेब करायचा नाही, झालं तर वरचं.

पाण्याची चौकशीही केली. जायकवाडी जवळ असून शहरात कित्येक भागांत आठवड्याने, कधी त्याहूनही उशिरा नळ येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उद्योगांना एमआयडीसीची वेगळी लाइन आहे. पण २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी ६० टक्क्यांनी कापायला लावलं होतं आणि इतर उद्योगांनाही कपात सोसावी लागली होती. मराठवाड्यात रोजगाराचा विचार करताना धरणातला साठा बघावाच लागतो, पुण्यात बसून ते सुचत नाही.

वहिनींच्या कामाची चौकशी आम्ही शेवटच्या दिवशी अर्धा दिवस केली. दोन करसल्लागारांकडे गेलो. एक भेटले नाहीत, दुसरे म्हणाले मार्चनंतर या.

निर्णय

वाळूजची ३६,००० ची ऑफर भाऊने नाकारली आणि चिकलठाण्याच्या एका टूलरूमची ३३,००० ची घेतली. घरात यावरून कटकट झाली. तीन हजार कमी घेऊन कोण जातं, असं वडील चारचौघांत बोलले. भाऊने त्यांना वहीची दोन पानं दाखवली. ती त्यांना पटली की नाही माहीत नाही, पण पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. टूलरूम पहिल्या दिवसापासून कंपनीच्या हजेरीपटावर घेणार होती. वाळूजच्या ऑफरमध्ये पहिलं वर्ष ठेकेदाराच्या नावावर होतं. मुलाखतीत ही गोष्ट दबक्या आवाजात सांगितली गेली होती. पीएफ कुठल्या आस्थापनेच्या नावाने भरणार, हे भाऊने विचारलं म्हणून समजलं.

वहिनींच्या भोसरीच्या ऑफिसने घरून अर्धवेळ काम द्यायचं कबूल केलं, महिना १२,०००. त्यावर हिशेब मांडला. पुण्यात दोघांचे ६२,०००, त्यातून भाडं १४,५०० आणि गावच्या खेपांचे ४,००० गेले की ४३,५०० उरायचे. संभाजीनगरला ३३ आणि १२ मिळून ४५,०००, भाडं ८,०००, खेपांचे १,०००, म्हणजे ३६,०००. शाळेच्या फीत वर्षाला तीसेक हजार वाचत होते. महिन्याला पाचेक हजारांची तूट. आईवडील पाऊण तासावर येतात, त्यासाठी एवढं सोसायचं, असं दोघांनी ठरवलं. हा त्यांचा निर्णय होता आणि मला तो योग्य वाटला.

वहिनींचं काम गेलं तर २४,००० उरतील, हेही मी कागदावर लिहिलं होतं. लिहिलं आणि पुढं गेलो. परत निघताना वहिनींनी विचारलं होतं, "सर, माझं काय?" मी म्हणालो, "तुमचं काम काय, कुठूनही होतं."

नंतर काय झालं

फेब्रुवारी २०२५ मध्ये भाऊ रुजू झाला. मुलीची परीक्षा आटोपल्यावर मेच्या पहिल्या आठवड्यात टेम्पो भरला.

तो मे त्यांना जड गेला. डिसेंबरात पाहिलेलं घर उन्हाळ्यात दुसरंच निघालं. नळ नवव्या दिवशी, वर गच्चीची स्लॅब तापलेली, टँकरसाठी सोसायटीत वर्गणी. मुलगी "मोशीला कधी जायचं" म्हणून रडायची. जुलैत पाऊस लागला तसं घर लागलं.

भाऊचं काम नीट बसलं. टूलरूममध्ये त्याला साच्याचं डिझाइन जवळून बघायला मिळालं, संध्याकाळी तो सॉफ्टवेअर शिकायला लागला. ऑगस्टमध्ये वडील गोठ्यात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. भाऊ चाळीस मिनिटांत पोहोचला, तासाभरात घाटी रुग्णालयात दाखल केलं. मोशीहून हे झालं नसतं. त्या रात्री त्याने मला फोन करून सांगितलं की आता पगाराचं कुणी काही बोललं तरी चालेल.

वाळूजच्या त्या नाकारलेल्या जागेवर त्याचाच एक आयटीआयचा मित्र गेला होता. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं, आणि २२ सप्टेंबरला नवे दर लागू होईपर्यंत लोकांनी गाड्या घेणं लांबवलं. त्या पाचेक आठवड्यांत मित्राचा ओव्हरटाइम बंद, ठेकेदाराची काही माणसं घरी. नवरात्रात नवे दर आले आणि एकदम एवढं काम निघालं की दिवाळीच्या महिन्यात मित्राच्या हातात भाऊपेक्षा बरेच जास्त पैसे पडले. त्यामुळे भाऊने बरोबर निवड केली हे यावरून सिद्ध होत नाही. एवढंच दिसतं, की एका गिऱ्हाइकावरच्या गावात उत्पन्नाला झोके बसतात, आणि ज्याच्या घरी कर्ज नाही, लहान मूल नाही, त्याला ते झोके परवडू शकतात.

ऑक्टोबरमध्ये भोसरीच्या ऑफिसने वहिनींचं घरून काम थांबवलं. "रिटर्नच्या दिवसांत माणूस समोर लागतो," असं सांगितलं. कागदावरचा २४,००० चा आकडा खरा झाला.

मग वहिनी स्वतः फिरल्या. सिडको, उस्मानपुरा, निराला बाजार. सतरा ऑफिसं. पूर्ण वेळेचे १२,००० ते १४,०००, त्याहून जास्त कुणी बोललं नाही. पुण्यात २४,००० घेणाऱ्या बाईला हे ऐकताना काय वाटलं असेल, ते त्यांनी सांगितलं नाही. फोनवर फक्त एवढं म्हणाल्या: "सर, तुम्ही ह्यांची अकरा दारं मोजलीत. माझं एकही मोजलं नाही."

खरं आहे. मी मोजलं नाही.

नोकरी न घेता त्यांनी दुकानांचे हिशेब घरी घ्यायला सुरुवात केली. आधी कॉलनीतलं हार्डवेअरचं दुकान, मग त्याच्या व्याह्याचं टाइल्सचं, मग दोन छोटी जॉबवर्कची युनिटं. एकेकाचे महिना हजार-बाराशे. जानेवारी २०२६ पर्यंत नऊ गिऱ्हाइकं झाली, १०,५०० रुपये. जीएसटी रिटर्नच्या, म्हणजे महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आदल्या रात्री घरात स्वयंपाक भाऊ करतो.

आज पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी, दोघांसाठी दोन वह्या. नवऱ्याची नोकरी म्हणजे कुटुंबाची नोकरी, हे माझ्या डोक्यात एवढं मुरलेलं होतं की नऊ दिवसांतले साडेआठ आम्ही भाऊच्या बाजारावर घालवले. वहिनींचं उत्पन्न घराच्या जवळजवळ चाळीस टक्के होतं. घरून मिळणारं काम हा एक मालक आणि एक दार. भाऊच्या बाबतीत मी ज्या गोष्टीवर बोट ठेवलं, तीच त्यांच्या बाबतीत मला दिसली नाही. सतरा ऑफिसं त्या डिसेंबरमध्येच फिरलो असतो, तर एकतर जाणं लांबलं असतं, नाहीतर त्यांनी पुण्यात असतानाच स्वतःची गिऱ्हाइकं जोडायला सुरुवात केली असती.

दुसरी चूक मी तर करायलाच नको होती. भाऊने चाकणची नोकरी सोडली तेव्हा त्याला चार वर्षं चार महिने झाले होते. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. त्याचं बेसिक २२,००० होतं, म्हणजे पाच वर्षांचे साधारण ६३,००० रुपये हातचे गेले. टूलरूम आठ महिने थांबली नसती हे मला माहीत आहे. पण हा आकडा समोर असता तर रुजू होताना तेवढी एकरकमी भरपाई, निदान पगारात दोन हजार, मागता आले असते. माणसांना कमी करताना हा हिशेब मी शेकडो वेळा केलाय, आपल्या माणसाला पाठवताना विसरलो.

तिसरं, एक खेप एप्रिल-मेमध्ये. ज्या शहरात राहायचं ते त्याच्या सगळ्यात वाईट महिन्यात बघावं. मराठवाड्यात तो उन्हाळा, कोकणात आणि मुंबईत पावसाळा. घराचं भाडं, पाण्याची टाकी, शाळेची वेळ, हे सगळं त्या महिन्यात वेगळं दिसतं.

इन्सर्टच्या दुकानात मात्र मी पुन्हा पहिल्याच दिवशी जाईन, सहाव्या दिवशी नाही. प्रत्येक धंद्यात असा एक माणूस असतो, जो सगळ्यांना झिजणारी वस्तू विकतो. दवाखान्यांच्या शहरात तो औषधांचा घाऊक विक्रेता असेल, आयटीच्या भागात कर्मचाऱ्यांच्या बस चालवणारा. किती गाड्या कमी झाल्या हे त्याला वर्तमानपत्राआधी कळतं. वहिनींच्या बाजारातला असा माणूस कोण, तर टॅलीचं लायसन्स विकणारा. कुणाकडे किती संगणक वाढले ते त्याला माहीत असतं. हे मला आता सुचलं, तेव्हा सुचायला हवं होतं.

फेब्रुवारीत चाकणच्या जुन्या कारखान्यातून भाऊला फोन आला. नवी लाइन येतेय, ४७,००० देतो, या. भाऊने मला विचारलं. मी म्हटलं, फोन वहिनींकडे दे.

त्यांनी अजून होकार किंवा नकार कळवलेला नाही. वहिनींनी भोसरी-मोशीतल्या करसल्लागारांची यादी केलीय, तीन ठिकाणी बोलून झालंय, सहा बाकी आहेत. इथली नऊ गिऱ्हाइकं तिथून सांभाळता येतील का, हे त्या एकेकाला विचारतायत. हार्डवेअरवाला हो म्हणालाय, टाइल्सवाल्याने विचार करून सांगतो म्हटलंय. पुढच्या रविवारी भाऊ गावी जाऊन वडिलांशी बोलणार आहे. ते आता काठी घेऊन अंगणापर्यंत चालतात.